अब्जाधीश की व्यवस्था? आधी ऊसतोड मजूर आणि माथाडी यांच्याकडे बघा

विषमतेला मूठभर अतिश्रीमंत जबाबदार की अर्थव्यवस्थाच, हा तुमचा प्रश्न. माझं उत्तर: व्यवस्था. पण नुसतं ‘व्यवस्था’ म्हटलं की कुणालाच जाब विचारता येत नाही, म्हणून थेट कायद्यांकडे येतो.

सहकारी साखर कारखान्याचा मालक अब्जाधीश नसतो, सभासद शेतकरी असतात. तरी तिथल्या फडात बीडहून आलेल्या जोडप्याची अवस्था काय? दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरी मोजायला दोघं मिळून एकच, हिशेब बहुतेक नवऱ्याच्याच नावावर. पहाटे अंधारात फडात उतरायचं, तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकून मीठ-मिरची आणायची. ताप आला म्हणून खाडा पडला, तर मजुरी बुडतेच, वर दंडही कापतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, उचल फिटली नाही, तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाचा.

त्याच उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, शेतकऱ्याला १४ दिवसांत द्यावी लागते, नाहीतर १५ टक्के व्याज. हे कायद्यानेच आहे आणि योग्यच आहे. तोडणीचा दर मात्र मजुरांच्या संघटना आणि साखर संघ (सहकारी कारखान्यांचा संघ) यांच्या वाटाघाटीत ठरतो. व्यवहार मुकादमामार्फत, त्यामुळे ‘हे आमचे कामगार नाहीत’ म्हणायला कारखाना मोकळा.

आता मुंबईच्या बाजारातला हमाल, म्हणजे माथाडी, बघा. तोही गाव सोडून आलेला, तोही टोळीत, त्यालाही मुकादम. अण्णासाहेब पाटलांनी संघटना बांधली, लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. व्यापारी मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची जादा रक्कम) या कायद्याखालच्या माथाडी मंडळाकडे भरतो, त्यातून हमालाला भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार मिळतो. कष्ट दोघांचेही अंगमेहनतीचेच. एकाच्या घरात निवृत्तीची रक्कम येते, दुसऱ्याच्या घरात उचलीचं कर्ज. हा फरक एका कायद्याने पडला.

मग अतिश्रीमंत सुटले का? अजिबात नाही. आपल्याकडे वारशावरचा कर १९८५ साली गेला, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात. कारण दिलं गेलं की वसुली फारच कमी. पण बड्यांची संपत्ती ज्या शेअरांमध्ये असते, ते शेअर १९९३ पासूनच संपत्ती करातून वगळले होते! मग वसुली होणार कुठून? पैसा नुसता साठत नाही, तो नियम लिहिणाऱ्यांपर्यंत पोचतो. माझा खरा राग यावर आहे. संपत्ती कर काढला तेव्हा बदल्यात एक कोटीच्या वर उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के अधिभार वाढवला, हे खरं. पण तो उत्पन्नावर. नुसत्या वाढत जाणाऱ्या मालमत्तेला तो शिवतही नाही.

म्हणून वारसा कर परत आणा, या मागणीला माझा पाठिंबा आहे. पण आधी काय, असं विचाराल तर माथाडीसारखं मंडळ ऊसतोडीला हवं: कारखान्याला मालक म्हणून नोंदवणारं, मजुरी थेट खात्यात देणारं, बायकोच्या नावावर तिची वेगळी.