तेलकट फरशी आणि बादलीतलं पाणी

पोरा,

अनेक आशीर्वाद. मोठ्या किचनमध्ये काम मिळालं हे कळलं, बरं वाटलं. चाकूला धार कशी लावायची, गर्दीच्या वेळी डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं, हे तुला तिथे पुष्कळ जण शिकवतील. फरशीबद्दल बहुधा कुणी बोलणार नाही, म्हणून हे पत्र.

सांडलेलं तेल दिसलं की माणूस आपोआप जपून पाय टाकतो. दगा देतो तो न दिसणारा ओशट थर. फ्रायरमधून उडालेले तेलाचे बारीक कण खाली बसतात, जाळी नीट निथळायच्या आत उचलली की चार थेंब पडतात, आणि मग तेच तेल सगळ्यांच्या बुटांना लागून पार कोल्ड रूमच्या दारापर्यंत पोचतं. त्यावर पाणी पडलं की बुटाचा तळ फरशीला नीट टेकतच नाही. टाच ठेवली रे ठेवली की पाय पुढे निसटतो.

आणि हा थर पसरवतो कोण? बहुतेक ठिकाणी मॉपच. बादली दुपारी भरलेली, वर तवंग आलेला, आणि तोच मॉप फ्रायरपासून भांडी घासायच्या जागेपर्यंत फिरतोय. याला मी तेलाचं वाटप म्हणतो. फरशी चकचकीत दिसते, मुकादम खूश, आणि पाच मिनिटांनी कुणीतरी आडवा.

तेल सुटायला डिग्रीझर लागतं आणि डिग्रीझरला वेळ लागतो. लोक ओततात आणि लगेच पुसून घेतात, तिथेच सगळं फुकट जातं. डब्यावर जितकी मिनिटं लिहिली असतील तितकी थांब. मग ताठ केसांच्या ब्रशने घास, फरश्यांच्या सांध्यांत जास्त जोर लाव. मळकट पाणी वायपरने ड्रेनकडे लोट, स्वच्छ पाणी मार, पुन्हा वायपर. जास्त केमिकल म्हणजे जास्त सफाई, हे डोक्यातून काढ. उरलेलं केमिकल फरशीवर वाळतं आणि पुढच्या वेळी पाणी पडलं की साबणासारखं बुळबुळतं. काही द्रावणं एन्झाइमवर चालतात. त्यांत उकळतं पाणी ओतलंस तर एन्झाइम निकामी होतात. काही नंतर धुवायचीच नसतात. तेव्हा आधी लेबल वाच, मग बाटली उघड. मॅटही उचलून दोन्ही बाजूंनी घासायची; खालची बाजू कुणी बघत नाही. कडा वर वळलेली मॅट मात्र सरळ फेकायला सांग, ती अडखळायलाच ठेवलेली असते.

हे सगळं शिफ्ट संपल्यावर. ऐन गर्दीत सांडलं तर जागेवर उभा राहा, ओरडून सांग आणि दुसऱ्याला कागद आणायला लाव. आधी कोरडं टिपायचं, मग थोडं डिग्रीझर, मग पुन्हा कोरडं. वर पुठ्ठा टाकायची सवय अनेक किचनमध्ये असते. मला ती अजिबात पटत नाही: पुठ्ठा शोषतो थोडं आणि पायाखालून सरकतो जास्त. ‘फरशी ओली आहे’ हा फलकही वाळल्यावर उचल. दिवसभर उभा राहिलेला फलक कुणाच्या नजरेत येत नाही.

गरम तेलाचं भांडं हलवायचं नाही. तेल निवू दे. आणि पाय सटकलाच तर सावरायला फ्रायरच्या काठाला हात घालू नकोस, पडलेलं परवडतं.

आता बूट. अमेरिकेतल्या ३६ फास्ट फूड रेस्टॉरंटमधल्या ४७५ कामगारांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. न घसरणारे बूट वापरणाऱ्यांचं घसरण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ५४ टक्के कमी निघालं. एवढा फरक पडत असेल तर पहिल्या पगारातून फोनच्या आधी बूट घे. तळाच्या खाचांमधून तेल-पाण्याला वाट मिळते, म्हणून खाचा तुंबल्या की ब्रशने मोकळ्या करायच्या आणि झिजल्या की बूट बदलायचे. झीज बहुधा टाचेच्या मागच्या कडेपासून सुरू होते. आज घरी गेल्यावर बूट उलटे करून बघ आणि टाचेचा फोटो पाठव. गुळगुळीत झाली असेल तर मी तसं सांगेन.

तुझा,
दादा