बहमनी नंतर, आधी पोर्तुगाल

तुम्ही लिहिलंय की युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ या राज्य चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये 'आपला मुलुख' म्हणून बहमनी घेतलं, लगेच विजयनगरवर चाल केली, आणि थोड्याच वर्षांत डोक्यावर कर्ज, घरात बंडं आणि उत्तरेकडून गुजरात-माळवा अंगावर. आता भारतावरचं डीएलसी (गेमला वेगळा विकत घ्यायचा जोडभाग) घेतलं तर जमेल का, असं विचारताय. हे सगळं माझ्यासोबतही याच क्रमाने झालंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सैन्य हलवणं, पॉज करून विचार करणं वगैरे येतं असं धरतोय.

गेम सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ ला. मराठ्यांचं राज्य तेव्हा नकाशावर कुठेच नाही, महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. आपल्या भागावर बहमनी सुलतान, म्हणजे मुसलमान तख्त आणि बहुतेक प्रजा हिंदू. धार्मिक एकी मुळातच कमी, त्यामुळे बंडखोरी पहिल्यापासून धुमसत असते. दक्षिणेला तोडीस तोड विजयनगर. बाकी बाजूंना गुजरात, माळवा, खानदेश, गोंडवन, ओडिशा. यातला कोण कधी कोणाला जाऊन मिळेल याचा नेम नाही. लढाई जिंकलात तरी घेतलेल्या प्रत्येक प्रांताचा कोअर करायला, म्हणजे तो कायमचा आपला करायला, ॲडमिन पॉईंट (राज्यकारभाराचे गुण) लागतात. तोवर ओव्हरएक्स्टेन्शन, म्हणजे न पचलेल्या मुलखाचा ताण, चढतं, ते शंभर टक्क्यांच्या वर गेलं की एकामागून एक संकटं. पॉईंट तिकडे खर्च झाले की टेक्नॉलॉजी मागे पडते. नवख्याला कळतच नाही की आपण नेमके कशामुळे बुडालो. माझ्या मते देश निवडताना हीच एक गोष्ट पाहावी: एका वेळी एकच अडचण समोर आली पाहिजे, म्हणजे ती ओळखता येते.

म्हणून पोर्तुगाल. युरोपात जमिनीची सीमा फक्त कॅस्टिलशी (आजच्या स्पेनमधलं मोठं राज्य), आणि कॅस्टिलशी साधारणपणे जमून जातं. समोर मोकळा समुद्र. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं सेउटा बंदर आधीच हातात. इथे व्यापार आणि वसाहती शांतपणे शिकता येतात. एक सावधगिरी मात्र घ्या. सुरुवातीला इंग्लंडशी अलायन्स (लष्करी मैत्री) असतो, आणि फ्रान्समधल्या 'मेन' नावाच्या प्रांतावरून फ्रान्स-इंग्लंड जुंपलं तर तुम्हालाही बोलावणं येऊ शकतं. पहिल्याच महिन्यात पॉज करून हा अलायन्स ठेवायचा की तोडायचा ते ठरवा. मी तोडतो. काही जुने खेळाडू यावर माझ्याशी भांडतील, त्यांचंही चूक नाही.

युद्ध शिकायचं असेल तर कॅस्टिल. शेजारी दुबळं ग्रॅनडा, पुढे नशिबाने विवाहाच्या इव्हेंटमधून (गेममध्ये आपोआप घडणारा प्रसंग) शेजारचं अरागॉन राज्य पदरात पडतं. फक्त वारस एनरिके कारभार, मुत्सद्देगिरी आणि लष्कर या तिन्ही कौशल्यांत शून्य, तो गादीवर आला की पॉईंट अगदी रडतखडत जमतात. पण त्यातूनच राजाची किंमत कळते.

ओटोमन सगळेच सुचवतात. मी नाही सुचवणार. सुरुवातीची प्रत्येक लढाई आपसूक जिंकली जाते, त्यामुळे ॲग्रेसिव्ह एक्स्पान्शनच्या (मुलुख बळकावल्याने इतरांच्या मनात साठणारा राग) आकड्याकडे लक्षच जात नाही. एखाद्या देशाच्या मनात तो पन्नासच्या पुढे गेला की तो देश तुमच्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये (एकत्र आघाडीत) येऊ शकतो, आणि मग अर्धा युरोप एकदम उठतो. जर्मनीतली छोटी संस्थानं आणि मिंग (चीन) यांच्या वाटेला तर सध्या जाऊच नका.

आता डीएलसी. कृपा करून थांबा. भारतावरचं 'धर्मा' २०१८ मध्ये आलं, चांगलं आहे, पण त्याने बहमनीची बंडं आपोआप शमत नाहीत. मला सगळ्यात महाग पडली ती हीच खरेदी. स्वस्त मिळतंय म्हणून एका ऑनलाइन दुकानातून 'की' (गेम सुरू करायचा कोड) घेतली. ती दुसऱ्या प्रदेशासाठीची निघाली, आपल्याकडे चालेना. विक्रीच्या पानावर तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. कस्टमर केअरला स्क्रीनशॉट पाठवला, तर उत्तर आलं, 'स्क्रीनशॉट पाठवा'. पुन्हा पाठवला, तर पुन्हा तेच वाक्य, खाली फक्त नाव वेगळं. मग म्हणाले, की एकदा उघडून पाहिली की परतावा नाही. अहो, उघडल्याशिवाय चालत नाही हे कळणार कसं? पैसे गेले ते गेलेच, आणि ज्या सुट्टीत निवांत खेळायचं होतं ती या मेलामेलीत गेली. ग्राहकाला असं झुलवत ठेवणं ही सरळसरळ लबाडी आहे, आणि विद्यार्थ्यांचे पैसे यात जास्त अडकतात याचा मला फार राग येतो. दुकानाचं नाव इथे घेत नाही. की घेताना प्रदेशाची अट स्पष्ट छापलेली नसेल तर घेऊच नका. सगळी डीएलसी एकदा पाहायचीच असतील तर गेमचं मासिक सबस्क्रिप्शन निघालेलं आहे, महिनाभर घेऊन बंद करता येतं.

हे सगळं माझं मत. तुमची व्हर्जन वेगळी असेल तर आकडे थोडे इकडेतिकडे होतील. आणि बहमनी सोडून द्या असं मी म्हणत नाही. पोर्तुगालने १५०० पर्यंत जाऊन या. त्यानंतर बहमनी घ्याल तेव्हा विजयनगरला पहिली काही वर्षं हात लावू नका. आधी कर्ज न काढता सैन्य पोसा, गुजरात किंवा माळवा यातल्या एकाशी अलायन्स करा, आणि विजयनगर दुसऱ्या कोणाशी लढायला गेलं की मगच दक्षिणेत उतरा.