आमच्या सात-आठ जणांच्या ग्रुपमध्ये एकालाच थोडंफार स्कीइंग येतं आणि तो बाकीच्यांना शिकवेन म्हणतोय. फेब्रुवारीत ऑस्ट्रियाला जायचं ठरतंय. जमेल का?

जमेल की, खुशाल जा. फक्त त्या मित्राला आत्ताच प्रेमाने सांगून टाका की बाबा रे, तू तुझं स्कीइंग कर, आम्ही क्लास लावतो.

मी म्युनिकजवळ राहतो. हिवाळ्यात पुण्या-ठाण्याहून कोणी ना कोणी टपकतंच आणि मग आमची स्वारी निघते साल्झबुर्ग राज्यातल्या त्सेल आम झे आणि त्याला लागूनच असलेल्या काप्रुनला. गाडीने अडीच-तीन तास. तेव्हा सांगतोय ते मुख्यतः तिथलं.

मित्राकडून का शिकू नये? त्याला जे येतं ते पायांना येतं, तोंडाला नाही. 'अरे, असं कर ना, सोपंय' यापलीकडे त्याच्याकडे शब्द नसतात. शिवाय अर्ध्या तासात तो कंटाळतो आणि सगळ्यांना डोंगरावर नेणाऱ्या वरच्या लिफ्टने घेऊन जातो. ऑस्ट्रियात उतारांना तीन रंग असतात: निळा सोपा, लाल मधला, काळा अवघड. फ्रान्समध्ये असतो तसा निळ्याच्या आधीचा हिरवा इथे नाही. नवशिक्याने पहिले एक-दोन दिवस निळ्यावरही जायचं नसतं. पायथ्याशी सरावाची जागा असते, तिथे वर न्यायला जमिनीलगत सरकता पट्टा असतो आणि आजूबाजूला चार वर्षांची पोरं तुम्हाला मागे टाकून सुळकन जात असतात. लाज तिथेच सोडायची.

क्लासमध्ये पहिल्या तासाला शिकवतात ते ब्रेक लावणं. स्कीची पुढची टोकं जवळ, मागची लांब, म्हणजे पिझ्झ्याच्या तुकड्यासारखा आकार होतो. इन्स्ट्रक्टर 'पिझ्झा, पिझ्झा!' म्हणूनच ओरडत असतात. खरी अडचण पुढे येते. सह्याद्रीत घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे रेलतो, प्रसंगी बूड टेकवतो. ही सवय स्कीवर घात करते. मागे रेललात की स्कीच्या पुढच्या भागावरचं वजन जातं, वळवता येत नाही आणि वेग वाढतो. भीती वाटली की शरीर आणखी मागे जातं, वेग आणखी वाढतो. त्यामुळे उताराकडे झुकायचं, नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली राहिली पाहिजे. हे मनाला पटायला वेळ लागतो आणि तोवर कोणीतरी शांतपणे तेच तेच सांगणारं लागतं. त्यासाठीच पैसे मोजायचे. सगळ्या नवशिक्यांनी मिळून एक इन्स्ट्रक्टर घेतला तर माणशी खर्चही आवाक्यात येतो.

सामान तिथेच भाड्याने घ्या. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे असतात, घोटा हलतच नाही, चालताना टाच आधी टेकवावी लागते. घट्ट वाटले म्हणून मोठं माप मागू नका. उभं राहिल्यावर बोटं जेमतेम टोकाला लागली आणि गुडघे वाकवल्यावर सुटली की माप बरोबर. मोजा एकच, पातळ आणि लांब. दोन जाड मोजे घातलेत तर वळ्या पडून पायाला फोड येतात.

दुकानात उंची, वय आणि वजन विचारतात. इथे आपल्याकडचे काही वीर पाच-सात किलो गिळतात! तो आकडा बुटाला स्कीशी धरून ठेवणाऱ्या बाइंडिंगसाठी असतो. पडल्यावर स्की कधी सुटणार ते त्यावर ठरतं. कमी सांगाल तर भलत्या वेळी सुटेल, फुगवून सांगाल तर सुटायला हवी तेव्हा सुटणार नाही आणि गुडघा पिरगळेल. खरं वजन सांगा, ग्रुपसमोर नको असेल तर कागदावर लिहून द्या.

आता ग्रुपचं. आठही जणांनी स्कीइंग केलंच पाहिजे असा हट्ट धरू नका. दोघं-तिघं तरी दुसऱ्या दिवशी दुखऱ्या मांड्या चोळत 'आम्ही आज खालीच थांबतो' म्हणणार. त्यांच्यासाठी तिथे भरपूर आहे. गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या रोपवेने, काप्रुनच्या किट्झश्टाइनहॉर्न डोंगरावर जाता येतं, वरचा सज्जा ३,०२९ मीटरवर आहे, स्कीशिवाय जाणाऱ्यांचं तिकीट वेगळं मिळतं. काप्रुनला रुळांवरून खाली येणारी गाडी आहे, गरम पाण्याचा मोठा स्पा आहे आणि त्सेलला तळ्याकाठी फिरता येतं. दुपारी एकाच ठरलेल्या हटमध्ये, म्हणजे डोंगरावरच्या खाणावळीत, सगळ्यांनी भेटायचं. ती हट मात्र गोंडोलाच्या स्टेशनाला लागून असलेली निवडा, नाहीतर न स्कीवाले पोचणार कसे?

शाकाहारी मंडळींनी हटमध्ये साध्या सूपपासून सावध राहा. त्यातल्या पॅनकेकच्या पट्ट्या निरागस दिसतात, पाणी बहुधा गोमांसाचं असतं. चीजमधले श्पेट्झले (अंड्याच्या पिठाचे छोटे नूडल्स), प्लमचा जॅम भरलेला मोठा वाफवलेला गोळा म्हणजे गेर्मक्न्योडल आणि कायझरश्मारन (तुकडे केलेला गोड पॅनकेक) यांवर मजेत निभावतं. अंडंही न खाणाऱ्यांची पंचाईत होते. त्यांनी ठेपले न्यावेत, आणि स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घेतलंत तर संध्याकाळी खिचडी. (दुसऱ्या दिवशी स्कीवाले, न स्कीवाले, सगळे खिचडीच मागतात.)

उतारावर मधोमध घोळका करून फोटो काढू नका. थांबायचं ते कडेला, आणि वरून येणाऱ्यांना दिसेल अशा जागी. तुमच्या खाली जो आहे त्याचा हक्क आधी. तो कितीही वेडावाकडा जात असला तरी त्याला चुकवायची जबाबदारी तुमची. हे आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे नियम आहेत, अपघात झाला तर चूक कोणाची हे त्यांवरून बघतात.

विमा नीट वाचा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचं कव्हर लागतं म्हणून आपण एक पॉलिसी घेतो आणि निश्चिंत होतो. पण आपल्याकडच्या बऱ्याच साध्या प्रवास विम्यांत स्कीइंग बसत नाही, वेगळं जोडून घ्यावं लागतं. डोंगरातून हेलिकॉप्टरने उतरवायची वेळ आली तर बिल काही हजार युरोंचं येतं. दारू पिऊन पडलात तर विमा हात वर करू शकतो, तेव्हा रमवाला चहा लिफ्ट बंद झाल्यावर, खाली आल्यावर. डोंगरातल्या अपघातासाठी ऑस्ट्रियात १४० हा नंबर आहे, ११२ सुद्धा चालतो.

आणि फेब्रुवारीच हवा का, ते एकदा बघा. त्या महिन्यात ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्समधल्या शाळांच्या सुट्ट्या आलटून पालटून येतात. खोल्या महाग आणि लिफ्टला रांगा. ६ जानेवारीची सुट्टी संपली की महिनाअखेरपर्यंत त्या मानाने निवांत असतं. त्सेल गाव जेमतेम साडेसातशे मीटरवर आहे, त्यामुळे खाली बर्फ असेलच असं नाही, पण वर किट्झश्टाइनहॉर्नला हिमनदी आहे, तिथे काळजी नसते. भाड्याची गाडी घेणार असाल तर हिवाळी टायर आहेत ना ते विचारून घ्या. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाळ रस्त्यांवर ते सक्तीचे आहेत. व्हिसाची अपॉइंटमेंट मात्र तारखा ठरल्या ठरल्या घ्या, आठ जणांना एकत्र मिळणं हे स्कीइंगपेक्षा अवघड आहे.