दोन फुटी फिशटँकमध्ये तीन गोल्डफिश आहेत, अजून किती ठेवता येतील?

एकही नाही. आहेत त्या तिघांचीच सोय आधी दुसरीकडे बघावी लागेल.

हे तोडून सांगतोय, कारण आमच्याकडे हीच टाकी होती. दोन बाय एक बाय एक फूट. हिशेबाने ५६ लिटर, पण तळाची खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी जेमतेम ४५. टाकी भरून दोनच दिवस झाले होते आणि मुलीच्या वाढदिवसाला दादा पिशवीतून सहा गोल्डफिश घेऊन आला. बोटाच्या दोन पेरांएवढे. मी म्हटलं, "दादा, जास्त होतात रे." तो म्हणाला, "काही होत नाही, टाकीएवढाच मासा वाढतो." मुलगी आनंदाने नाचत होती. मी गप्प बसलो.

पाचव्या दिवशी सकाळी दिवा लावला, तर सहाही मासे वर आलेले. तोंडं पाण्याच्या रेषेला लागलेली, कल्ले भराभर हलतायत, पाणी दुधाळ. एकाच्या शेपटीत लाल रेघा उठलेल्या. अमोनियाची चाचणी केली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते गडद हिरवं झालं. रोज पाणी बदलूनही आठवड्यात चार गेले. मुलगी उठल्या उठल्या विचारायची, "बाबा, आज किती आहेत?"

दादा म्हणाला, पाणी तुमचं खराब. आजही तेच म्हणतो. पाणी खराब नव्हतं, ते माशांनीच झालं. कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात. आमच्या टाकीत ते नव्हतेच. पण ती सहा महिने जुनी असती तरी सहा गोल्डफिश तिला झेपले नसते.

"टाकीएवढाच मासा वाढतो" हे निखालस खोटं आहे. घाण पाण्यात मासा खुरटतो आणि लवकर मरतो, त्यालाच लोक 'टाकीत मावला' म्हणतात. साधा लांबट गोल्डफिश ३० सेंटिमीटरपर्यंत जातो, गोलमटोल फॅन्सी जातीही १५ ते २० पर्यंत. आमचे उरलेले दोन मी मित्राच्या चार फुटी टाकीत सोडले. दोन वर्षांत त्यातला एक तळहाताएवढा झाला. बघायला चल म्हणून दादाला दोनदा बोलावलं. आला नाही.

गॅलनला, म्हणजे साधारण पावणेचार लिटर पाण्याला, एक इंच मासा, हा नियम तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तो लहान, सडपातळ माशांपुरता ठीक आहे, आणि लांबी धरायची ती पूर्ण वाढीची. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं, घाणही दुपटीपेक्षा कितीतरी जास्त वाढते. तुमच्या टाकीत आठ-दहा निऑन टेट्रा ठेवा, बास. सहापेक्षा कमी नकोत, तो झुंडीतला मासा आहे. गप्पी आवडत असतील तर फक्त नर आणा. मादी एकटी आणली तरी बहुधा आधीच गाभण असते आणि मग महिन्या-महिन्याला पिल्लं होत राहतात.

मोठा फिल्टर आणि भरपूर झाडं असतील तर काही जण याहून जास्तही सांभाळतात, हे मान्य. पण वीज चार-पाच तास गेली की त्यांचीही तारांबळ उडते.

तिघांना जागा मिळेपर्यंत खाणं अगदी थोडं द्या, अमोनिया रोज मोजा, क्लोरिन काढलेल्या पाण्याने पाव टाकी बदलत राहा. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. आणि कोणी भेट म्हणून मासे घेऊन आलं, तर पिशवी तशीच परत द्या, मोठा भाऊ असला तरी. मी त्या दिवशी द्यायला हवी होती.