खेळाडूचे पाय धूसर का येतात?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. ती शाळेच्या संघातून फुटबॉल खेळते आणि अडथळ्यांच्या शर्यतीतही धावते. माझ्याकडे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा व ७०-३०० मिलिमीटरची साधी लेन्स आहे. भर उन्हात काढलेल्या छायाचित्रांतही तिचे पाय, पुष्कळदा चेहराही, धूसर येतो. महागडी लेन्स घ्यावी का?

उत्तर : तूर्त घेऊ नये. एपीएस-सी सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या, सेन्सरपेक्षा लहान असतो; त्यावर आपली लेन्स ३०० मिलिमीटरला फुल फ्रेमवरील सुमारे ४५० मिलिमीटरच्या लेन्सइतके जवळचे दृश्य देते आणि दिवसाच्या उजेडात मैदानी खेळांसाठी ते पुरेसे आहे. पाय आणि चेहरा धूसर होण्याची कारणे मात्र वेगवेगळी असावीत.

पायांचे कारण शटरच्या वेगात, म्हणजे शटर किती वेळ उघडे राहते यात आहे. सेकंदाला ८ मीटर वेगाने आपल्यासमोरून आडवी धावणारी मुलगी १/२५० सेकंदात ३.२ सेंटिमीटर पुढे सरकते, तर १/१००० सेकंदात केवळ ८ मिलिमीटर; त्यातच पुढे झेपावणारा पाय धडाच्या जवळजवळ दुप्पट वेगाने जात असल्यामुळे धड स्पष्ट आणि पाऊल पुसट, असे चित्र हाती येते. लेन्समधील स्थिरीकरणाचा येथे उपयोग नाही, कारण ते आपल्या हाताचा कंप सावरते, खेळाडूची हालचाल नव्हे. म्हणून शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवतो त्या मोडवर, १/१००० हा वेग ठरवावा आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, ऑटोवर सोडावा. ढग आल्यावर आयएसओ १६०० पर्यंत चढून चित्र थोडे दाणेदार झाले तरी चालेल. दाणेदार चित्र बरेचसे सुधारता येते, हललेले चित्र सुधारत नाही.

चेहऱ्याचा दोष बहुधा फोकसचा आहे. एकदाच जुळून थांबणाऱ्या फोकसमध्ये बटण अर्धे दाबल्यापासून चित्र निघेपर्यंत खेळाडू पुढे निघून गेलेली असते. सतत जुळत राहणारा फोकस निवडावा; कॅमेऱ्यानुसार त्याला एएफ-सी किंवा एआय सर्व्हो म्हणतात.

यानंतरचे सारे आपण कोठे उभे राहता यावर आहे, आणि माझ्या मते छायाचित्र तेथेच घडते किंवा बिघडते. अडथळ्यांच्या शर्यतीत सगळी धाव टिपण्याचा मोह सोडून, परवानगी असेल तेथे, धावपट्टीच्या बाहेर पण शक्य तितके समोरच्या बाजूला बसावे, एकच अडथळा निवडून फोकस आधीच त्याच्यावर जुळवून ठेवावा आणि तिचे पाऊल जमीन सोडण्याच्या किंचित आधी बटण दाबून सलग चार-पाच चित्रे घ्यावीत. गुडघा छातीपाशी आलेला, वेणी मागे उडालेली आणि नजर पुढच्या अडथळ्यावर खिळलेली, असा तो क्षण असतो. गुडघ्यावर बसल्याने मागची गर्दी खाली राहते. मागे उजळ आकाश आल्यास चेहरा काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा, अर्धा ते एक स्टॉप वाढवावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट). माथ्यावरच्या उन्हात डोळ्यांखाली सावल्या पडतात, त्यामुळे सकाळचे किंवा उतरत्या दुपारचे सामने अधिक मनाजोगे मिळतात.

चित्रांत इतरांची मुलेही असतील. ही चित्रे कोठेही प्रसिद्ध करण्यापूर्वी शाळेची आणि त्या मुलांच्या पालकांची संमती अवश्य घ्यावी.

फुटबॉलमध्ये गोल झाल्यावर किंवा हुकल्यावर कॅमेरा लगेच खाली घेऊ नये. चेंडू निघून गेल्यावर पुढचे काही क्षण मुली एकमेकींकडे पाहतात, आणि तेव्हा त्यांचे चेहरे पूर्ण उघडे असतात.