चाळिशीतली माणसे घरच्या वृद्धांशी तुसडेपणाने का वागतात?

आपला चाळिशीतला भाऊ चारचौघांत आईला "तुला काय कळतंय, गप्प बस" म्हणतो आणि त्याचे पाहून त्याची कॉलेजात जाणारी मुलेही आजीला टाळू लागली आहेत. हे कशामुळे होते आणि घरात काय करता येईल, असे आपण विचारले आहे.

अशा वागण्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दुष्टपणा नसून धास्ती असते, असे माझे मत आहे. चाळिशी-पन्नाशीत गुडघे कुरकुरू लागतात, चष्म्याचा नंबर वाढतो आणि समोरच्या म्हाताऱ्या माणसात स्वतःचेच पुढचे दिवस दिसू लागतात; मग ते माणूस नजरेआड असलेले बरे वाटते. तरुणांचे तसे नसते. घरात जे दिसते तेच ती उचलतात.

उघड अपमानापेक्षाही मला घातक वाटते ते वृद्धांना वगळून बोलणे. माझ्या सासऱ्यांनी साखर कारखान्याच्या हिशेब विभागात उभे आयुष्य काढले. त्यांना घेऊन मी येथील एका बँकेत गेले असता खिडकीवरच्या तरुणाने त्यांच्याकडे न पाहताच मला विचारले, "यांना सही करता येते ना?" ते काही बोलले नाहीत, पण घरी आल्यावर पासबुक माझ्या हाती देऊन म्हणाले, "आता तूच बघत जा." लोक आपल्याविषयी जे धरून चालतात ते माणूस हळूहळू स्वतःही खरे मानू लागते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ बेका लेव्ही यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, स्वतःच्या म्हातारपणाकडे चांगल्या दृष्टीने पाहणारी माणसे तसे न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे आढळले होते.

दुसरे नुकसान उपचारांचे. ऐकू कमी येणारी आजी भलतेच उत्तर देते, तेव्हा "वय झालं, भ्रमिष्ट झाली" म्हणून घरचे मोकळे होतात आणि कान तपासायचे राहून जातात. नैराश्याचेही तेच, जेवण तुटले, झोप उडाली, तरी ते वयाच्याच खात्यावर मांडले जाते. वास्तविक या दोहोंवर साठीनंतरही उपाय होतात, आणि बहिरेपणाकडे दुर्लक्ष केल्यास स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2021 च्या अहवालात, जगातील दर दोन माणसांपैकी एकाच्या मनात वृद्धांविषयी असा पूर्वग्रह असल्याचे म्हटले आहे. त्यावर कायदा आणि शिक्षण यांच्या जोडीला दोन पिढ्यांचा प्रत्यक्ष सहवास हाही उपाय त्यात सुचवला आहे. आपल्या कोल्हापूरच्या तालमींत तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गुडघ्यांनी जवाब दिलेले वस्ताद कुस्तीच्या हौद्याच्या कडेला बसून डाव सांगतात आणि विशीतला पैलवान तो खाली मान घालून ऐकतो, कारण त्याला त्या सांगण्याची खरोखर गरज असते. नुसते शेजारी बसवल्याने हे साधत नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

म्हणून मुलांना "आजीजवळ बस" असे न सांगता आजीला येणारे एखादे काम त्यांना तिच्याकडून शिकून घ्यायला लावावे. भावाशी मात्र आपणच एकांतात बोलावे. मुलांसमोर त्याची कानउघाडणी केली तर तो आणखी चिडेल. दवाखान्यात आईचे दुखणे आईलाच सांगू द्यावे, डॉक्टरांनी आपल्याला विचारले तरी "तिलाच विचारा" म्हणावे आणि तिचे कान अद्याप तपासले नसतील, तर ते याच आठवड्यात तपासून घ्यावेत.