संधिवात संशोधन केंद्र: यंत्रे आधी की माणसे?

प्रश्न: आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात संधिवातजन्य आजारांचे संशोधन केंद्र सुरू होत असून त्याचा प्रशासकीय कारभार माझ्याकडे आला आहे. मी वैद्यकीय शाखेचा नाही. अनुदान तीन वर्षांचे आहे आणि त्यातून आधी यंत्रसामग्री घ्यावी, असा सहकाऱ्यांचा आग्रह आहे. आपण काय सुचवाल?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: यंत्रसामग्री थोडी थांबू शकते, रुग्णनोंदींचे काम मात्र पहिल्या दिवसापासूनच सुरू व्हायला हवे. आमवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) किंवा ल्युपस (शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) हे आयुष्यभर सोबत राहणारे आजार असून त्यांत कधी उतार पडतो, तर कधी ते पुन्हा उसळतात. त्यामुळे एका भेटीतील रक्ततपासणीपेक्षा त्याच रुग्णाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी अधिक मोलाच्या असतात. अनुदानाची मुदत आणि आजाराची मुदत यांचा मेळ मुळातच बसत नाही, आणि प्रशासकाची खरी कसोटी तिथेच लागते. नोंदी सांभाळणारा कर्मचारी प्रकल्पापुरता करारावर नेमला, तर मुदत संपताच तो जातो आणि रुग्णांशी जुळलेले संबंधही त्याच्याबरोबर जातात. निदान हे एक पद तरी महाविद्यालयाच्या नियमित अंदाजपत्रकात यावे, यासाठी आत्ताच प्रस्ताव द्या.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेले ‘कॉपकॉर्ड’ हे संधिवातजन्य आजारांचे लोकवस्तीतील सर्वेक्षण याबाबत अभ्यासण्याजोगे आहे. तेथे प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्ते आधी घरोघरी जाऊन सांधेदुखीची विचारपूस करीत आणि डॉक्टरांची तपासणी त्यानंतर होई. आपल्याकडे पेठ, सुरगाण्याहून येणाऱ्या रुग्णाची रोजंदारी बुडते, आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत छाटणी किंवा काढणी चालू असताना मजूर फेरतपासणीला येतील, ही अपेक्षाच चुकीची आहे. तारखा हंगाम पाहून ठरवा आणि प्रवासखर्चाची तरतूद मूळ अंदाजपत्रकातच करा. ती मागाहून करू पाहिल्यास लेखा विभाग हरकत घेतो, आणि त्यांचेही चूक नसते.

नीतिशास्त्र समितीच्या, म्हणजे संशोधनात रुग्णांचे हित व हक्क जपले जातात ना हे पाहणाऱ्या समितीच्या, मंजुरीपूर्वी एकाही रुग्णाची संशोधनासाठी नोंद करू नये. या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, त्यांपैकी निम्मे तरी संस्थेबाहेरचे असावेत आणि अध्यक्षही बाहेरचाच असावा लागतो. औषधांची चाचणी करायची असल्यास २०१९ च्या नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियमांनुसार समितीची स्वतंत्र नोंदणी लागते, शिवाय पहिला रुग्ण सामील होण्यापूर्वी चाचणीची नोंद राष्ट्रीय नोंदणीत करावी लागते. रक्ताचे नमुने पुढील अभ्यासासाठी ठेवणार असाल, तर तसे संमतिपत्रात रुग्णाला समजेल अशा मराठीत लिहिलेले हवे.

खरेदीचे म्हणाल, तर सुरुवातीला नमुने ठेवण्यासाठी उणे ८० अंशांचा एक डीप फ्रीझर, जनरेटरची जोडणी आणि तापमान बिघडताच रात्रीही फोन उचलणारा नेमून दिलेला माणूस एवढे पुरे.